टार्गेट कोणाला, हिशेब कोणाचा?

रोज सकाळी साडेआठला आमच्या वस्तीतल्या एका मुलाच्या मोबाईलवर तक्ता येतो. तो एका खासगी फायनान्स कंपनीत फिल्ड ऑफिसर आहे. तक्त्यात 19 नावे. नावापुढे महिन्याचे टार्गेट, कालपर्यंतची वसुली, नवीन कर्जवाटप आणि शेवटच्या रकान्यात टक्केवारी. 80 च्या वर असेल तो हिरवा, 60 च्या खाली गेला तो लाल. लाल असेल त्याने सगळ्यांसमोर ग्रुपवर खुलासा लिहायचा. हा मुलगा रोज लिहितो, "सर, आज कव्हर करतो." हे वाक्य त्याने आता कॉपी करून ठेवले आहे. सकाळी उठायचे, चिकटवायचे आणि गाडीला किक मारायची.

पहिली दोन वर्षे तो हिरव्यात होता. तिसऱ्या वर्षी त्याचा एरिया बदलला. आधी तालुक्याच्या गावाजवळची, बाजारपेठेची गावे होती. आता त्याच्याकडे शेवटच्या टोकाची गावे आहेत. तिथली निम्मी घरे दसरा झाला की ऊसतोडीला कारखान्यांकडे निघून जातात. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळकरी पोरे आणि दाराला कुलपे. हप्ता कोणाकडे मागायचा? टार्गेट मात्र जुन्या एरियाएवढेच राहिले. जुना एरिया ज्याला मिळाला तो साहेबांच्या ओळखीतला आहे, आणि तो आता दर महिन्याला हिरव्यात असतो. वर्षअखेरच्या अप्रेझलमध्ये आमच्या मुलाच्या नावापुढे ‘ॲव्हरेज परफॉर्मर’ असा शेरा आला. पगारवाढ गेली. तो संध्याकाळी आमच्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, मी खरंच कमी पडतो का?"

हा लेख त्या प्रश्नामुळे लिहीत आहोत. बी.कॉम. पहिल्या वर्गात पास झालेला, दोन वर्षे कामात पुढे असलेला मुलगा एका तक्त्यामुळे स्वतःच्या कुवतीवर शंका घेऊ लागतो, ही साधी गोष्ट नाही. आपल्या समाजातली पहिली पिढी आज खासगी नोकरीत शिरते आहे. ‘तुझी लायकी नाही’ हे वाक्य तिच्या आजोबांना गावात तोंडावर ऐकवले जायचे. नातवाला ते एक्सेलमधून कळवले जाते.

आधी एक खुलासा. कामाचे मोजमाप म्हणजे शोषण, टार्गेट ही भांडवलदारांची चाल, असे सोपे भाषण आम्ही करणार नाही. तसली भाषणे चळवळीत पुष्कळ झाली. धंदा असो, संस्था असो, ध्येय ठरवायचे आणि आपण कुठवर आलो ते ठरावीक दिवसांनी तपासायचे, याला पर्याय नाही. मोजायला घाबरायचे कारण आपल्याला तर मुळीच नाही. बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती मांडली, तेव्हा नुसता आक्रोश केला नाही. कोणता वर्ग लोकसंख्येत कितवा आणि शिक्षणात कितवा, याचे तक्ते समोर ठेवले. आकडा हे आपले जुने हत्यार आहे.

प्रश्न मोजपट्टीचा आहे. बाबासाहेबांनी 1918 साली भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. आपल्याकडे तो वाचला कमी जातो. त्या काळच्या जाणकारांचे म्हणणे असे की शेतकरी कुटुंब बऱ्यापैकी जगेल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर जमीन. त्याहून लहान तुकडा तोट्याचा. बाबासाहेबांनी ही मोजपट्टीच नाकारली. त्यांचा मुद्दा असा की खाणाऱ्या तोंडांवरून जमीन मोजणे चूक आहे, कारण शेती हा उत्पादनाचा व्यवसाय आहे. त्या जमिनीबरोबर भांडवल किती, बैल-अवजारे किती, राबणारे हात किती, यांच्या प्रमाणात तिचा विचार करायला हवा. साधने नसतील तर मोठी जमीनही परवडणार नाही, आणि साधने भरपूर असतील तर लहान तुकडाही परवडेल. नुसता एकरांचा आकडा काहीच सांगत नाही.

आता हीच पट्टी त्या साडेआठच्या तक्त्याला लावून पाहा. त्यात जमीन आहे, बैल नाहीत. पीक किती आले ते आहे. विहीर कोणाच्या वाट्याला आली ते नाही. कोणाला कोणता एरिया दिला, कोणाच्या हाताखाली जुना अनुभवी माणूस दिला, कोणाला साहेबांनी दोन बड्या गिऱ्हाइकांचे नंबर हळूच दिले, कोणाला पेट्रोलचा भत्ता वेळेवर मिळाला, हे सगळे रकान्याबाहेर राहते. शेवटी उरते ती टक्केवारी. तिच्यावर बोट ठेवून सांगितले जाते, "आमच्याकडे जातबित काही नाही, आम्ही फक्त परफॉर्मन्स बघतो."

खरोखर फक्त परफॉर्मन्स बघतात? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना पात्रता सारखी, फक्त आडनावे वेगळी, असे 4,808 अर्ज पाठवले. त्यांचा अभ्यास 2007 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये आला. दलित आडनावाच्या अर्जदाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांश निघाली. मुस्लिम नावाची त्याहूनही कमी, एक तृतीयांश. अर्ज करणाऱ्याने अजून एक तासही काम केलेले नव्हते! म्हणजे परफॉर्मन्स बघायच्या आधीच बरेच काही बघून झालेले असते. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांचा मोठ्या कंपन्यांच्या एचआर अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवरचा लेख आला. सगळे गुणवत्तेचे भक्त, आणि उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारणे यातल्या बहुतेकांना अगदी स्वाभाविक वाटत होते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही हा लेख वाचला तेव्हा हसलो होतो. पुढे नोकरीच्या मुलाखतीत "वडील काय करतात, कुठल्या भागात राहता" हे ऐकले तेव्हा हसू आले नाही.

व्यवस्थापनशास्त्राची बाजूही ऐकून घेऊ. पीटर ड्रकर यांनी 1954 च्या पुस्तकात उद्दिष्टांनुसार व्यवस्थापन ही कल्पना मांडली, तेव्हा त्यात दोन गोष्टी होत्या. उद्दिष्ट ठरवताना काम करणाऱ्याचा सहभाग असावा आणि मोजमापाची माहिती त्याच्या हातात असावी, म्हणजे तो स्वतःच स्वतःला सुधारेल. आपल्याकडे यातले काय आले? तक्ता आला. सहभाग राहिला तिकडेच. वरून आकडा येतो, खाली वाटला जातो, आणि ज्याची ओरडायची ऐपत सर्वात कमी त्याच्या पदरात जास्तीचा पडतो.

असल्या मोजमापाने धंद्याचे तरी भले होते का? अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ खाती-योजना बांधायचे टार्गेट कर्मचाऱ्यांना दिले होते. टार्गेट पूर्ण दाखवण्यासाठी खालच्या लोकांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. 2016 मध्ये ते बाहेर आले, 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला, मुख्याधिकाऱ्याला जावे लागले. पण त्याआधीच्या पाच वर्षांत नोकरीवरून काढलेले कर्मचारी सुमारे 5,300. कर्मचाऱ्यांना टक्केवारीच्या रांगेत उभे करून शेवटच्यांना कमी दर्जा देण्याची पद्धत मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये सोडून दिली. आपल्या तालुक्याच्या गावातल्या कंपन्या तिकडे टाकून दिलेले कपडे इकडे नवे म्हणून घालत आहेत. असो.

आमचा खरा मुद्दा याच्या पुढे आहे. या देशात टार्गेट फक्त खालच्यालाच असते असे नाही. वरच्यांनाही टार्गेटे दिलेली आहेत, तीही आपल्या बाबतीत. त्यांचा तक्ता सकाळी साडेआठला कोणाच्या मोबाईलवर येतो?

केंद्र सरकारने 2012 मध्ये सार्वजनिक खरेदी धोरण आणले. केंद्रीय खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षभराच्या खरेदीतला ठरावीक वाटा सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घ्यायचा. आधी तो 20 टक्के होता, 2018 च्या दुरुस्तीने 25 टक्के झाला. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. हिशेब दिसावा म्हणून 2017 मध्ये ‘संबंध’ नावाचे पोर्टलही सुरू झाले. 2018-19 साली लघुउद्योगांकडून झालेली एकूण खरेदी 26 टक्क्यांच्या पुढे गेली. म्हणजे टार्गेट पार. हिरवा! त्याच वर्षी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का. 4 पैकी अर्धा, म्हणजे आमच्या मुलाच्या कंपनीच्या भाषेत साधारण 13 टक्के अचिव्हमेंट. आमचा मुलगा 58 टक्क्यांवर असताना त्याला सगळ्यांसमोर खुलासा लिहावा लागतो. या 13 टक्क्यांसाठी एखाद्या सरकारी कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याची पगारवाढ थांबली असे आम्ही तरी ऐकलेले नाही.

ती थांबणारही नाही, कारण पळवाट धोरणातच आहे. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योजक निविदेत उतरले नाहीत किंवा निविदेच्या अटी व सर्वात कमी दर त्यांना जमले नाहीत, तर तो 4 टक्के वाटा इतर लघुउद्योगांकडून भरून काढावा, असे त्यात लिहिले आहे. वाचकहो, हे नीट वाचा. फिल्ड ऑफिसरला असे कलम मिळाले असते तर? ‘माझ्या गावातल्या कर्जदारांनी हप्ता भरला नाही तर तो शेजारच्या गावातून भरला असे समजावे.’ त्याचे आयुष्य किती सोपे झाले असते!

दुसरे उदाहरण बँकांचे. 5 एप्रिल 2016 ला ‘स्टँड-अप इंडिया’ सुरू झाली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला आणि किमान एका महिलेला नवा उद्योग उभा करायला 10 लाख ते 1 कोटी रुपयांचे कर्ज द्यायचे. देशात शाखा सव्वा लाख धरल्या होत्या, म्हणून किमान अडीच लाख उद्योजक उभे राहतील असे सांगितले गेले. ध्येय स्पष्ट आणि मोजता येण्यासारखे होते. एका शाखेमागे एक माणूस, तोही वर्षाला नव्हे, एकूण.

सात वर्षांनी, मार्च 2023 पर्यंतचा सरकारचाच हिशेब असा: 1,80,636 कर्जे मंजूर. मथळा हाच झाला. आत पाहिले तर महिला 1,44,787, अनुसूचित जाती 26,889 आणि अनुसूचित जमाती 8,960. म्हणजे महिलांचे टार्गेट ओलांडले गेले, त्याचा आनंदच आहे. अनुसूचित जाती-जमाती मिळून 35,849, आणि हवे होते सव्वा लाख. सात वर्षांत 29 टक्क्यांच्या आसपास. दहापैकी सात शाखांना आपल्या हद्दीत एकही लायक माणूस सापडला नाही असा याचा अर्थ होतो. दोन टार्गेटे एका गाठोड्यात बांधली की जड बाजू हलक्या बाजूला झाकते. एकूण बेरीज दाखवायची आणि तपशील पुरवणीत ढकलायचा, ही जुनी युक्ती आहे.

आम्ही स्वतः एका तरुणाची फाईल घेऊन शाखेत आठ महिने गेलो आहोत. फॅब्रिकेशनचे वर्कशॉप टाकायचे होते त्याला. आयटीआय झालेला, पुण्यात सहा वर्षे काम केलेला. आधी कोटेशन नवीन आणा, मग जागेचा करार नोंदणीकृत करा, मग तारण काय देता? कर्जासाठी हमी योजना आहे, तारण मागायचे कारण नाही, हे आम्ही परिपत्रकासह दाखवले. साहेब हसले आणि खरे बोलून गेले, "मॅडम, मला विमा पॉलिसीचं टार्गेट रोज विचारतात. ठेवींचं आठवड्याला विचारतात. तुमच्या या योजनेचं मला आजवर कोणी विचारलं नाही."

त्या साहेबांवर आमचा राग नाही. त्यांनी आम्हाला एका वाक्यात सगळे शास्त्र शिकवले. जे विचारले जाते ते होते.

खासगी कंपन्यांचे काय? शेअर बाजारातील आघाडीच्या 1,000 कंपन्यांना सेबीने 2022-23 पासून सामाजिक जबाबदारीचा सविस्तर अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात कर्मचाऱ्यांत महिला किती, अपंग किती, संचालक मंडळावर महिला किती, हे आकडे द्यावे लागतात. आपल्या लोकांसाठी तिथे रकानाच नाही. वंचित घटकांकडून किती खरेदी करता असा एक प्रश्न आहे, पण तो ऐच्छिक भागात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातील 1,000 मोठ्या कंपन्यांच्या संचालकांची जात तपासली होती. सुमारे 93 टक्के सवर्ण निघाले. हा आकडा अभ्यासकांना आडनावांवरून काढावा लागला, कारण कंपन्या तो ठेवतच नाहीत. अमेरिकेत 100 वा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीला कोणत्या पदावर कोणत्या वंशाचे किती लोक आहेत याचा तक्ता सरकारला द्यावा लागतो, 1966 पासून. तिथे भेद संपला असे कोण म्हणेल? पण भांडायला हातात कागद तरी आहे. इथे म्हणे जात विचारणे हाच जातीयवाद!

आता थोडे आपल्या घरातले. आपल्या वस्तीत महिला बचत गटाने मसाल्याचा धंदा सुरू केला तेव्हा वहीत दोनच रकाने होते: ठरवले किती, विकले किती. पहिल्या महिन्यात 60 किलो ठरवले, 38 विकले. दुसऱ्या महिन्यात 60 आणि 35. बायका एकमेकींवर खेकसू लागल्या. कोणी म्हणे मिरची तिखट नाही, कोणी म्हणे अमकी दुकानात जातच नाही. तिसऱ्या महिन्यात गटातल्या एका मावशींनी, त्या चौथी शिकलेल्या, तिसरा रकाना आखला: का नाही? आणि दुकानवार लिहायला लावले. महिनाअखेर वही उघडली तर चित्र वेगळेच. नऊपैकी पाच दुकानांत माल संपलेला होता. चार दुकानांतून पाकिटे जशीच्या तशी परत आली होती आणि तिन्ही-चारी ठिकाणी कारण एकच लिहिलेले, "गिऱ्हाईक विचारतं, मसाला कुणाचा?" पाकिटावर वस्तीचा पत्ता छापलेला होता. वस्तीचे नाव वाचले की जात कळते, हे सांगायला नको.

तीन महिने ज्याला आपण ‘विक्री कमी’ म्हणत होतो ती विक्री नव्हती, शिवाशिव होती. दोन रकान्यांच्या वहीत ती मिरचीचा दोष म्हणून दिसत होती. पत्ता बदलावा का यावर गटात मोठे भांडण झाले. शेवटी पत्ता तोच ठेवायचा ठरले. त्या चार दुकानांचा माल बंद करून आठवडी बाजारात स्वतःचे पाल लावले. पहिल्याच महिन्यात 60 झाले असे काही नाही, 47 झाले.

आमच्या अनेक उद्योजक बांधवांना मात्र हे पटवून देणे कठीण जाते. उद्घाटनाला मोठा फ्लेक्स, मान्यवरांचे सत्कार, आणि सहा महिन्यांनी विचारले की महिन्याला किती येतात, किती जातात, तर उत्तर मिळते, "चाललंय बरं." चाललंय बरं हा आकडा नाही. आपल्याला कोणी बुडवले आणि आपण कुठे बुडालो, या दोन गोष्टी वेगळ्या करता यायच्या असतील तर वही लिहावीच लागेल. नाहीतर प्रत्येक तोट्याचे कारण जात, असे आपण म्हणत राहू आणि जिथे खरोखर जात आहे तिथेही कोणी विश्वास ठेवणार नाही.

1 फेब्रुवारी 2025 च्या अर्थसंकल्पात नवी घोषणा झाली. पुढच्या पाच वर्षांत महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या 5 लाख नवउद्योजकांना 2 कोटींपर्यंत कर्ज. पुन्हा तेच गाठोडे. त्या घोषणेत तिघांचा वेगवेगळा आकडा नव्हता. तो आत्ताच मागून घेतला नाही तर 2030 मध्ये कोणी तरी मथळा छापेल, ‘5 लाखांचे उद्दिष्ट पूर्ण’, आणि आपण पुन्हा पुरवणी शोधत बसू. आम्ही आमच्या जिल्ह्यापुरती सुरुवात केली आहे. माहिती अधिकारात अर्ज दिला आहे: 2016 पासून प्रत्येक शाखेने स्टँड-अपमध्ये किती अर्ज घेतले, किती नाकारले, कारण काय, आणि त्यात अनुसूचित जाती किती, जमाती किती, महिला किती. शाखेचे नाव, चार रकाने. 30 दिवस पुढच्या आठवड्यात भरतात. आकडे आले की इथेच मांडू. तुमच्या जिल्ह्यात कोणी हाच अर्ज देणार असेल तर मजकूर आमच्याकडून घ्या, टाइप करायचे श्रम वाचतील.

त्या मुलाला आम्ही मावशींची वही दाखवली. तो बराच वेळ पाने चाळत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ग्रुपवर नेहमीचे वाक्य चिकटवले नाही. लिहिले, "6 गावे, 41 कर्जदार ऊसतोडीला गेले आहेत. मार्चमध्ये परततील. यादी जोडली आहे. उरलेल्यांची वसुली 91 टक्के." दहा मिनिटांत एरिया मॅनेजरचा फोन आला, "अरे, असलं ग्रुपवर कशाला टाकतोस? मला पर्सनलवर टाकत जा." तो "बरं सर" म्हणाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा ग्रुपवरच टाकले. त्या दिवशी लाल रकान्यातल्या आणखी दोघांनी आपापल्या याद्या खाली जोडल्या.